चित्र पाठवलं, चित्र मिळालं

गाडीच्या पाठीवर धाडधाड थापा पडल्या आणि “ओ बाई, बघताय की झोपलाय?” असा आवाज आला तेव्हा ती बघतच होती. डोळे फाडून बघत होती. आत्ता आत्तापर्यंत समोरच्या स्क्रीनवर मागची भिंत होती, भिंतीवर पिवळा पट्टा होता, त्या पट्ट्याच्या अंदाजाने ती गाडी मागे घेत होती. आणि मग भिंत नाही, पट्टा नाही, काही नाही. काळं. गाडी बंद पडली नव्हती, चाकं फिरतच होती, फक्त ताटाएवढं काळं चकचकीत तोंड समोर उभं होतं आणि त्यात तिचंच अर्धं कपाळ दिसत होतं. तिने ब्रेकवर पाय दाबला. हॉस्पिटलच्या तळघरातलं ते पार्किंग अंधुक होतं, ओलसर होतं, आणि चादरींची ढकलगाडी नेणारा एक कामगार मागच्या काचेला चिकटून उभा होता. त्याला काही झालं नव्हतं. “कॅमेरे लावून घेतात आणि डोळे घरी ठेवून येतात,” असं पुटपुटत त्याने ढकलगाडी वळवली आणि तो लिफ्टकडे निघून गेला.

शेजारच्या सीटवर नवरा बसला होता. तिच्या आईसाठी घेतलेला नवा वॉकर मागे मावत नव्हता म्हणून त्याने तो मांडीवर आडवा धरला होता. “बघ,” असं म्हणाला नाही. “आता तरी पटलं?” असंही म्हणाला नाही. त्याने त्या काळ्या स्क्रीनकडे एकदा पाहिलं, मग मान फिरवली आणि त्याच्या बाजूच्या खिडकीतून तो खांबावरचा आकडा वाचत बसला, जसं काही त्या खांबावर जगातलं सगळ्यात महत्त्वाचं काही लिहिलं होतं. अहाहा, काय ती सभ्यता! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एखाद्याने निदान टोमणा मारावा, निदान नाकाने तरी हसावं. सहा-सात महिने ज्या एका वाक्यासाठी हा माणूस घरात चोरासारखा वावरला ते वाक्य आज गाडीने स्वतःच्या तोंडाने म्हणून दाखवलं होतं, आणि याला खांब वाचायचा होता.

स्क्रीन गेली तसं तिच्यावर चालणारं बाकीचंही सगळं बिघडलं होतं. हीटर शेवटच्या टोकाला जाऊन अडकला आणि पायांवर, पोटावर, डोळ्यांवर गरम वारा ओकायला लागला. बंद करायचा तर स्क्रीनवरून बंद करायचा, आणि स्क्रीन मेलेली. एके काळी गाडीत गोल बटणं असायची, फिरवली की वारा कमी व्हायचा, एवढी साधी गोष्ट. आता सगळं त्या एका काळ्या पाटीच्या हवाली केलेलं. दोघांनी काचा खाली केल्या आणि भर उन्हात हीटर लावून ते घरी निघाले. घाम तिच्या मानेवरून पाठीत उतरत होता. दर सिग्नलला तिने ते वाक्य जुळवलं. *तू खरं बोलत होतास.* चार शब्द, त्यात एकही अवघड नाही. पहिल्या सिग्नलला ते घशापर्यंत आलं, दुसऱ्या सिग्नलला जिभेवर आलं, आणि तिसऱ्या सिग्नलला तिने तोंड उघडलं तेव्हा बाहेर पडलं ते भलतंच: “तेव्हा नीट ओरडून का नाही सांगितलंस? तोंडात मूग धरून काय बसलास?” त्याने वॉकरचे रबरी पाय चाचपले. “सांगितलं होतं,” तो म्हणाला. सिग्नल हिरवा झाला आणि मागच्याने हॉर्न वाजवला, तेव्हा तिने त्या मागच्याला काचेतून हात काढून दोन शिव्या दिल्या.

सांगितलं होतं, हे खरंच. थंडीचे दिवस होते. सकाळी वाऱ्याने कचऱ्याच्या डब्याचं झाकण उडालं आणि ते उचलायला आई फाटकाशी वाकली, आणि तो गाडी मागे घेत होता. वेग असा काही नव्हताच. गाडी तिला नुसती टेकली. पण वाकलेल्या म्हातारीला टेकणंही पुष्कळ होतं. आई बसकण मारल्यासारखी पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये तो उभा होता, एका पायात बूट आणि एका पायात सपात, आणि एकच वाक्य म्हणत होता, “स्क्रीन एकदम काळी झाली गं. एकदम काळी झाली.” तिला ते वाक्य ऐकवेना. ती त्याला म्हणाली, “नाचता येईना अंगण वाकडं.” नर्स होती तिथे, दोन-चार परके लोक होते, सगळ्यांदेखत म्हणाली. आणि मग तिने धाकट्या भावाला फोन लावला, कारण भाऊ त्याच कंपनीत होता, गाडीच्या स्क्रीनच्याच खात्यात; त्याच्याच आग्रहावरून तर ही गाडी घरात आली होती. भावाने ऑफिसात बसल्या बसल्या गाडीच्या नोंदी काढल्या आणि अर्ध्या तासाने उलट फोन करून सांगितलं, “ताई, इथे तर सगळं व्यवस्थित दिसतंय. कॅमेऱ्याने चित्र पाठवलंय, स्क्रीनला चित्र मिळालंय. बिघाडाची काही नोंद नाही.” तिने फोन स्पीकरवर टाकला होता. नवऱ्याने ते ऐकलं. त्यानंतर त्याने ते वाक्य पुन्हा कधी उच्चारलं नाही.

आणि त्यानंतर तो जे वागला त्याचाच तर तिला जास्त राग होता. भांडला असता तर भांडून संपलं असतं. गाडीची चावी त्याने मुकाट्याने किल्ल्यांच्या खुंटीला लावली आणि तो बसने जायला लागला. तो पोहण्याचा शिक्षक होता. तलावाच्या काठावर शिट्टी घेऊन उभं राहायचं आणि पाण्यातल्या पोरांवरची नजर क्षणभरही हलू द्यायची नाही, हे त्याचं काम. एवढ्या वर्षांत त्याच्या तलावात कुणी साधं नाकातोंडात पाणी जाऊन घाबरलंसुद्धा नव्हतं. लोक आपली पोरं त्याच्या नजरेवर सोडून खुशाल चहा प्यायला जात. हे तिला माहीत नव्हतं का? होतं. तरी ती म्हणे की हा फोनमध्ये बघत असणार. आई घरी आल्यावर रात्री तिला उठवायला-बसवायला कुणीतरी हवं म्हणून त्याने स्वतःची गादी आईच्या खोलीत नेली, आणि ती गादी तिथून परत आली नाही. आई आता आधाराने चालते, रात्री एकटी उठते, तरी गादी तिथेच. आईचं आणि त्याचं मेतकूट जमलेलं. आई पहिल्या दिवशीच म्हणाली होती, “धक्का लागला, पडले, मोडलं. आता काय हाडावर खटला भरायचा?” ज्या बाईचं हाड मोडलं ती हसून मोकळी, आणि राग सांभाळायची जबाबदारी हिच्या एकटीच्या डोक्यावर. वर आता दुसऱ्या गावातल्या नव्या तलावावर त्याला बोलावणं आलं होतं. राहायला खोली देणार होते. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. “जाऊ म्हणतो,” असं त्याने तिला भाजी चिरता चिरता सांगितलं, जसं कुणी कोपऱ्यावरून दूध आणायला जाऊ म्हणतं, आणि ती “जा की” म्हणाली. जा की! असली दोन अक्षरं कुठून येतात तोंडात, आणि चार शब्दांचं ते वाक्य मात्र येत नाही.

पार्किंगमधल्या प्रकाराच्या दुसऱ्या दिवशी ती आपल्या प्रयोगशाळेत कामाला बसली, पण लक्ष थाऱ्यावर नव्हतं. ती कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवायची. दाताचे डॉक्टर ठसे पाठवत, त्यावरून प्लास्टरचे जबडे ओतायचे आणि त्या जबड्यांवर बारीक काम करायचं. समोर जो जबडा होता तो दात खाणाऱ्या कुणाचा तरी होता. झोपेत दातांवर दात घासणारी माणसं असतात, त्यांच्यासाठी रात्री घालायचं झाकण करावं लागतं. या गृहस्थाचे सुळे पार सपाट झाले होते. तिने तो जबडा हातात धरला आणि तिला उगाचच त्याचा राग आला. कशासाठी घासलेस रे एवढे, कुणावर? दात गेले तुझेच ना? समोरचा तर सुखाने झोपला असेल. जेवायच्या सुट्टीत तिने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तिथली मुलगी अतिशय गोड बोलली. स्क्रीनसकट आतला सगळा डबाच बदलावा लागेल म्हणाली, डबा बाहेरून यायचा आहे, कधी येईल सांगता येत नाही, तोपर्यंत गाडी वापरायला हरकत नाही. “हीटर पेटलेला आहे आणि मागचं दिसत नाही,” ती म्हणाली. “हो मॅडम, तरी गाडी चालवायला सुरक्षित आहे,” मुलगी म्हणाली. त्या मुलीला काय बोलायचं! तिने फोन ठेवला आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याने सुचवलेल्या माणसाकडे गाडी नेली.

त्या माणसाला सगळे ‘डॉक्टर’ म्हणत, कारण तो पांढरा कोट घालून सर्किट दुरुस्त करायचा आणि बोलणंही तसंच, उपकार केल्यासारखं. तोंडाने गोळ्या चघळायचा, मोबाइलवर हुकूम सोडायचा, आणि तिचं वाक्य एकदाही पूर्ण होऊ दिलं नाही. “काळी पडते, मग अर्ध्या तासाने येते, मग पुन्हा पडते, बरोबर? चिप गेली. या गाड्यांचं हे ठरलेलंच आहे. मी डोळे मिटून सांगतो.” डोळे मिटून सांगणाऱ्यांचा तिला आता कंटाळा आला होता, पण हात मात्र त्याचे चांगले होते, हे तिच्या हातांना लगेच कळलं. त्याने स्क्रीनमागचा डबा उघडला, हिरवी पाटी बाहेर काढली, आणि भिंगाखाली तिला दाखवली: नखाएवढा काळा चौकोन. “ही गाडीची आठवण. हिच्यात लिहायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. पण खोडरबर घासून घासून वहीला भोक पडतं ना, तसं हिला पडतं, आणि मग स्क्रीन झोपते. लिहिण्यालाही मर्यादा असते, बाई. आणि तुमच्या गाडीला डायरी लिहायचं व्यसन.” त्याने गरम हवेची नळी त्या चौकोनावर धरली. जळक्या राळेचा वास आला. चिप एका क्षणी सैल झाली, त्याने ती चिमट्याने उचलली, पुसली आणि वाचायच्या खाचेत बसवली. आधी जुनीतलं सगळं उतरवून घ्यायचं, मग ते मोठ्या नव्या चिपमध्ये भरायचं, मग नवी चिप त्याच जागी डकवायची. उतरलं नाही तर गाडी स्वतःलाच ओळखणार नाही. बराच वेळ लागत होता. मधेच अडकायचं, मग तो चिप थंड करायचा आणि पुन्हा लावायचा.

“काय लिहिते ही एवढं?” तिने विचारलं. त्याने आपल्या संगणकाची स्क्रीन तिच्याकडे वळवली. ओळींमागून ओळी धावत होत्या. त्यातल्या काही तिला वाचता आल्या, कारण त्या पुन्हा पुन्हा त्याच होत्या. चित्र पाठवलं. चित्र मिळालं. चित्र पाठवलं. चित्र मिळालं. दार बंद आहे हे तपासलं. दार बंद आहे असं कळवलं. गाडी उभी असताना, रात्री, सुट्टीत, पाऊस असताना, कुणी जवळ नसताना, ही आपली लिहितेय: माझं काम झालं, माझं काम झालं, माझं काम झालं. “आणि काळी पडली ते?” ती म्हणाली. “ते कुठे लिहिलंय?” डॉक्टर गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेत हसला. “ते कोण लिहिणार? पाठवणाऱ्याने पाठवलं म्हणून लिहिलं, घेणाऱ्याने घेतलं म्हणून लिहिलं. बघणाऱ्याला दिसलं का, हे लिहायला यात कुणी नाहीच.” तो पुन्हा भिंगावर वाकला. ती स्टुलावर बसून राहिली. बघणाऱ्याला दिसलं का. बघणाऱ्याने तर कॉरिडॉरमध्ये उभं राहून सांगितलं होतं, एका पायात सपात घालून. आणि तिने त्याच्यावर फोनचा स्पीकर लावला होता. तिथेच त्या दुकानात, जळक्या वासात, तिने भावाला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, “गाडी बाहेर दुरुस्तीला टाकलीय. संध्याकाळी घरी ये. जेवायला नको. भांडायला ये.”

भाऊ आला तो हातात फळं घेऊन आला, कारण तो नेहमी फळं आणायचा. नवरा तलावावरून परतला नव्हता. आई तिच्या खोलीत नव्या वॉकरशी झटापट करत होती. भावाने फळं ठेवली आणि हसत म्हणाला, “ताई, बाहेर कुठे दुरुस्तीला टाकलीस ती? कंपनीची जबाबदारी जाते मग. मला सांगायचंस, मी वशिला लावला असता.” ती म्हणाली, “चिप लिहून लिहून झिजते, हे तुला माहीत होतं?” त्याने एक फळ उचललं, पुन्हा ठेवलं. लहानपणी काच फोडली की तो अस्साच काहीतरी उचलून ठेवायचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ; पण तिला आज दया येईना. “माहीत होतं का, हो की नाही?”

“हो,” तो म्हणाला. “म्हणजे ऑफिसात सगळ्यांनाच माहीत आहे. ताई, तुला कळायचं नाही तिथे कसं चालतं. कॅमेरावाल्यांचा गट वेगळा, स्क्रीनवाल्यांचा वेगळा, दारंवाल्यांचा वेगळा. गाडी बिघडली की सगळ्यांना एका खोलीत बसवतात आणि विचारतात, कुणाची चूक? ज्याच्याकडे नोंद असेल तो सुटतो. म्हणून प्रत्येकाने आपापली नोंद ठेवायला सुरुवात केली. चाचणीपुरती होती ती, गाडी विकायच्या आधी बंद करायची होती. पण पहिल्यांदा कोण बंद करणार? जो बंद करेल तो पुराव्याशिवाय उघडा पडणार. मग कुणीच केली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“आणि माझ्या नवऱ्याची मूठ?” ती ओरडली. “ती उघडलीस ना स्पीकरवर? सगळं व्यवस्थित दिसतंय म्हणालास. तुला ठाऊक होतं की त्या नोंदीला काडीची किंमत नाही!”

“मी खोटं नाही बोललो. नोंदीत जे होतं तेच सांगितलं. आणि फोन ऑफिसच्या मीटिंगमधून केला होता, शेजारी साहेब बसलेला. मी काय सांगणार होतो, आमच्या स्क्रीन झोपतात म्हणून? भाऊजी खोटं बोलतात असं मी एका शब्दाने तरी म्हणालो का? ते तू म्हणालीस.”

टेबलावरचं फळ तिने त्याच्या अंगावर फेकलं. ते त्याच्या खांद्याला लागून फ्रिजखाली गेलं. “चालता हो,” ती म्हणाली. “चोर तो चोर आणि वर शिरजोर! फळं घेऊन चालता हो.” आतून आईचा आवाज आला, “भांडा, पण हळू भांडा रे, मला यांत्रिक घोड्यावर बसायचंय!” भाऊ दारापर्यंत गेला, थांबला, “मी भाऊजींना फोन करतो,” म्हणाला. “खबरदार करशील तर,” ती म्हणाली. “तू पुष्कळ फोन केलेस.” दार लागलं. ती ओट्याला धरून उभी राहिली. दात खाऊन जबडा दुखत होता. भाऊ गेला तरी त्याचं शेवटचं वाक्य जाईना. ते तू म्हणालीस. मेल्याने जाता जाता खरं बोलून घेतलं. कारण भावाने सांगितलं म्हणून तिला पटलं असं थोडंच होतं. तिला ते आधीच पटवून घ्यायचं होतं. आई पडली होती, कुणीतरी चुकलेलं हवं होतं, आणि हा समोर उभा होता. आणि मग एकदा ठरवल्यावर तिनेही दिवसरात्र नोंदीच केल्या: आज नळ उघडा ठेवला, आज आईच्या गोळीची वेळ चुकली, आज बोलावलं तर लक्ष नव्हतं. बघा, मी म्हणत नव्हते? लिहितेय आपली, लिहितेय. कुणी विचारलं होतं? राग भावावर होता, कंपनीवर होता, त्या गोड मुलीवर होता, आणि आता तो कुठेच नीट बसेना. आई वॉकर ढकलत स्वयंपाकघरात आली आणि फ्रिजखाली वाकून बघायला लागली. “वाकू नकोस!” ती इतक्या जोरात ओरडली की आई दचकून सरळ झाली. “अगं, फळ काढत होते,” आई म्हणाली. “फळाने काय घोडं मारलंय तुझं?”

शनिवारी दुपारी गाडी तयार झाली. डॉक्टरने स्क्रीन लावून दाखवली. बोट लावायच्या आत हलत होती, इतकी चपळ. नवी चिप मोठी आहे, भरायला पुष्कळ वर्षं लागतील, असं त्याने ऐटीत सांगितलं. “लिहिणं बंद करता येत नाही का?” तिने विचारलं. “ते माझ्या हातात नाही,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच तो जरा कमी मोठा दिसला. तिथून ती तलावावर गेली. फाटकापाशी गाडी लावून वाट बघत बसली. आतून शिट्ट्यांचे आवाज येत होते, आणि त्याचा आवाज, मोठा, मोकळा: “हात लांब! मान पाण्यात! घाबरायचं नाही, मी बघतोय!” असा आवाज घरी किती दिवसांत ऐकला नव्हता. तो बाहेर आला, केस ओले, गळ्यात शिट्टी, गाडी बघून थबकला. मग बसला. त्याच्या अंगाला क्लोरिनचा वास येत होता. ती रस्ताभर बोलली, पण कशाबद्दल? चिपबद्दल, गरम हवेच्या नळीबद्दल, भावाबद्दल, भावाच्या साहेबाबद्दल, प्रत्येक गटाने आपापली कातडी कशी वाचवली त्याबद्दल. रागाने बोलली, सगळ्यांना झोडपत बोलली. तो ऐकत होता. मधे एकदा “हं” म्हणाला.

घर आलं. तिने रिव्हर्स टाकला. स्क्रीन लख्ख उजळली; फाटक, डबा, डब्याचं झाकण, झाकणावरचा ओरखडासुद्धा दिसत होता. तिने गाडी अर्ध्यात थांबवली, कारण आता नाही तर सोमवार येणार होता. “तू खरं बोलत होतास,” ती म्हणाली.

बोलून झालं. तिला वाटलं होतं की ते वाक्य बाहेर पडलं की छातीवरचं ओझं उतरेल, तो “जाऊ दे” म्हणेल, तो नेहमीच जाऊ दे म्हणायचा. तो स्क्रीनकडे बघत होता.

“हे आता स्क्रीनने सांगितलं म्हणून?” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“तेव्हा हिने नाही म्हटलं, तर तू नाही म्हणालीस. आता ही हो म्हणते, तर तू हो म्हणतेस. दोन्ही वेळा हिचंच ऐकलंस.” त्याचा आवाज अजून हळूच होता, पण खालून कुठूनतरी वर येत होता. “माझं कधी ऐकणार? मला मान वळवून बघायला हवं होतं. स्क्रीन गेली तर गेली, मान होती ना मला! हे मी रोज रात्री आईंच्या खोलीत पडल्या पडल्या स्वतःला सांगतो. हे मला तुला सांगायचं होतं, तेव्हाच, त्या कॉरिडॉरमध्ये. तू विचारलंच नाहीस काय झालं ते. तू फोन लावलास.”

“मग आता सांग ना,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला, तिला आवरेना. “मी विचारतेय ना आता!”

“आता?” तो म्हणाला, आणि मग ओरडला. “आता नाही सांगणार! तू म्हणशील तेव्हा बोलायचं, तू म्हणशील तेव्हा गप्प बसायचं? नाही सांगणार जा!” त्याने दार उघडलं, उतरला, आणि दार असं आपटलं की नवी लावलेली स्क्रीनसुद्धा हादरली. इतक्या वर्षांत त्याने कधी दार आपटलं नव्हतं. तो गाडीमागून गेला. ताडताड पावलं टाकत पायऱ्या चढला आणि आत दिसेनासा झाला.

ती हातात चाक धरून बसली. उलट उत्तर तोंडाशी तयार होतं, एक सोडून चार होती, आणि सगळी धारदार. मी माफी मागितली तर वर मलाच? अरे, आई माझी पडली होती! ती उतरायला निघाली, पायऱ्या चढून जायला, त्याला गाठायला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला. पातेलं ओट्यावर आदळलं. मग झाकण. मग स्टीलचा डबा, बहुतेक रिकामा, कारण तो घंटेसारखा वाजला. “अहो जावईबापू, काय फोडताय?” आईने विचारलं. “चहा करतोय!” तो आतून गरजला, आणि पुन्हा काहीतरी आपटलं, बहुधा चहाचाच डबा. तिचा एक पाय बाहेर होता तो बाहेरच राहिला. घरातला सगळा राग इतके दिवस तिने एकटीने वापरला होता, त्याच्या वाटणीचासुद्धा, आणि त्याच्या वाट्याला नुसतं स्वतःला आवरणं आलं होतं. निघून जायचं ठरवलेला माणूस भांडी आपटत नाही. तो हलक्या हाताने कपड्यांच्या घड्या करतो, चावी खुंटीला लावतो, भाजी चिरता चिरता सांगतो. आत आणखी एक पातेलं पडलं, गडगडत लांब गेलं, आणि त्याच्यामागून त्याने एक सणसणीत शिवी हासडली, जी तिने त्याच्या तोंडून लग्नानंतर कधी ऐकली नव्हती. तिचे डोळे भरून आले आणि रागाने कान तापलेले होते ते तापलेलेच राहिले.

“आपट,” ती म्हणाली, ऐकायला कुणी नव्हतं तरी. “अजून आपट.”